रिपोर्टाशिवाय पुडी नाही

नाना, तुमचा काढा नापास झाला. तुम्ही शिकवलेल्या संस्कृतात ही बातमी जरा सभ्य वाटली असती, पण घरातलं वाईट वर्तमान मराठीतच सांगावं. अंबरनाथच्या आमच्या प्रयोगशाळेत डेंग्यूच्या विषाणूवर वनस्पतींचे अर्क तपासतात. बाकीचे अर्क अल्कोहोलात काढले. तुमचा मात्र मी हट्टाने पाण्यात, मंद आचेवर, चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवला. साहेब म्हणाले, "मॅडम, ये लॅब है, किचन नहीं." तरी आटवला. मग तो काढा विषाणूची लागण केलेल्या पेशींवर घातला. थोडा घातला तर विषाणू मजेत. जास्त घातला तर विषाणू गेला, आणि पेशीही गेल्या. रोग आणि रोगी दोघांना एकदम मोक्ष देणारं औषध तुमच्या ग्रंथांत कुठल्या अध्यायात येतं, ते विचारायचं राहूनच गेलं.

बदलापूर गावातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही दारात चटईवर बसून गुळवेल ठेचताय, आई गूळ फोडतेय, आणि बाहेरून कुणीतरी ओरडतं, "वैद्यबुवा, पोराला ताप हाय, पुडी द्या." तुम्ही मान वर न करता विचारता, "आणि नाडी? ती काय पिशवीत घालून आणलीस?" तो मुकाट्याने परत जातो आणि पोराला खांद्यावर टाकून घेऊन येतो. रोगी समोर आल्याशिवाय पुडी नाही, हा तुमचा नियम अख्ख्या गावाला पाठ होता.

तुम्ही गेलात, पण लोक यायचे थांबले नाहीत. उलट आता वाढलेत. कारण गावभर झालंय, की वैद्यबुवांचा काढा लॅबमध्ये पास झाला.

"पास नाही झाला, परीक्षेला बसलाय," मी सांगायची.

"फॉर्म तर घेतला ना त्यांनी?" शेजारच्या काकू म्हणायच्या. "मग झालं."

निकाल लागल्यावर मी खरं सांगायचं ठरवलं. मागच्या आळीतल्या रिक्षावाल्याची बायको आली. मी म्हटलं, "काढ्याने काही होणार नाही, रक्त तपासून घे." तिने ऐकलं ते एवढंच, की हिला काढा द्यायचा नाही. उल्हासनगरहून कुणाकडून तरी बाटली आणली, नवऱ्याला पाजत बसली, आणि तो हॉस्पिटलात पोचला तेव्हा प्लेटलेट पार खाली गेल्या होत्या. वाचला. पण त्याचं ते हिरड्यांतून येणारं रक्त मी पाहिलंय, नाना.

तेव्हापासून तुमचाच नियम चालवते. काढ्याची पुडी मिळेल, आधी रक्ताचा रिपोर्ट दाखवा. प्लेटलेट कमी असतील तर आधी ॲडमिट, मग पुडी. आश्चर्य म्हणजे सगळे ऐकतात. कुरकुर न करता रक्त देऊन येतात, कारण शेवटी पुडी आहे. आणि इथेच मी अडकले. दिवसा ज्याच्यापुढे 'निष्फळ' असं लिहिते, त्याच्याच नावाची पुडी संध्याकाळी बांधते. बंद केलं तर रक्त तपासायला कोण जाईल? पुण्याला बदली मिळत होती, तीही नाकारली. आप्तवचन, म्हणजे विश्वासाच्या जाणत्या माणसाचा शब्द, हे प्रमाण असतं, असं तुम्ही शिकवलंत. आपणच आप्त झालो की घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, हे शिकवायचं विसरलात.

आज काकू आल्या. त्यांचे यजमान डेंग्यूतून उठून कालच घरी आले. मी म्हटलं, "सलाईनने बरे झाले हो काका."

"सलाईन काय, सगळ्यांनाच लावतात," त्या म्हणाल्या. "गुण तुझ्या हाताचा. चवसुद्धा अगदी वैद्यबुवांची गं, तश्शीच कडू!"

मी हसले, आणि पुढच्या पुड्या बांधायला घेतल्या. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या पेशी पाहिल्यापासून पुडीत गुळवेल नाही, काडेचिराईतही नाही. सुंठ असते, गूळ असतो. आणि कडू लागावं म्हणून मेथ्या.