कुशाबाईंच्या बांधावरचा तरवड

सणसर,
तिसरी माळ

ती. श्यामलाताईस,
कुंडलिकचा वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? (डॉक्टर बदलून पाहा, पण आधी त्यांची सायकल लपवा.) इकडे आई बरी आहे, पाय तेवढे थकलेत.

म्हणूनच यंदा घटाच्या माळेसाठी तरवडाची फुलं आणायला तिनं मला धाडलं. झेंडू आणतो म्हटलं, तर म्हणाली, "साठ वर्सं घटाला तरवड चढलाय. माज्या हातनं मोडायचा न्हाय." दोन तास बांध तुडवले, ताई. ऊस, पुन्हा ऊस, थेट ओढ्यापर्यंत ऊस. शेळीही तोंड लावत नाही अशी ही झुडपं, पाण्यावाचून वाळूत फुलणारी, गेली कुठं? शेवटी ओढ्यापल्याड वाळूसर माळाला कुशाबाईंच्या बांधावर एकच सापडलं, पिवळंधमक. मी तिथंच पेटलो. ज्या समाजाला आपला बांध राखता येत नाही, त्यानं इतिहासाच्या गप्पा मारू नयेत, असं बरंच बोललो. (तीन ग्रंथांचे दाखले दिले. श्रोत्यांत दोन शेळ्या होत्या.) कुशाबाईंनी खुरपं बाजूला ठेवलं.

"कुंडलिकराव, बारा वर्सांमागं तुमीच सांगितलं व्हतं, बांधावरची निकामी झुडपं उपटा म्हणून. आख्ख्या गावानं उपटली. मी तेवढी भाषणाला आले न्हवते."

ते भाषण मला आठवलं. टाळ्याही आठवल्या. शब्दाला कुऱ्हाडीची धार असते, हे मी शेकडो सभांत सांगितलंय. पटलं मात्र त्या बांधावर.

नऊही दिवस ओंजळभर फुलं द्यायला त्या कबूल झाल्या. अट एकच, या झुडपावर भाषण करायचं नाही. मी शब्द दिला. तीन माळा झाल्या. आई घटासमोर बसून स्वतः फुलं ओवते, आणि मी गप्प बसायला शिकतोय.

तुझा,
कुंडलिक

ता. क. (चौथ्या माळेची सकाळ) काल संध्याकाळी देवळात आरतीनंतर माईक हातात आला. पाचच मिनिटं बोललो, तरवड वाचवा, कुशाबाईंच्या बांधावर एकच उरलाय म्हणून. लोक हेलावले. आज उजाडताच निम्मं गाव आपापल्या घटासाठी पिशव्या घेऊन त्या माळावर; मी पोचलो तेव्हा झुडपावर कळीसुद्धा नव्हती. कुशाबाईंना कालच माळापर्यंत देवळाचा कर्णा ऐकू गेला होता. आईपुरती आजची ओंजळ त्यांनी आधीच तोडून पदरात बांधून ठेवली होती.

पुन्हा ता. क. पाच माळा उरल्यात. तुमच्या बाजूच्या माळरानात तरवड असेलच. सकाळच्या एसटीनं रोज फुलं पाठव. कुठं मिळतात, ते मात्र मला सांगू नकोस.