भायरची खोली

३ ऑक्टोबर २०२३, मांद्रे
निपाणीहून निघालो तो आज मुक्कामी पोचलो. तंत्रशाळेत विद्युतविषयाचा निदेशक म्हणून उद्या रुजू होईन. मन प्रसन्न आहे. घरमालक बाबली पर्यटकांना विजेवरच्या स्कूटर भाड्याने देतात. घरामागे जोडून काढलेल्या माझ्या खोलीला घरात ‘भायरची खोली’, म्हणजे बाहेरची खोली, म्हणतात. खिडकीला लोखंडी गज; दार एकच, अरुंद पडवीत बाहेरच्या बाजूस उघडणारे. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी घागरीची जागा दाखवत ‘थंय दवरा’ म्हटले. दवरणे म्हणजे ठेवणे, हा माझा कोंकणीचा पहिला धडा.

८ ऑक्टोबर
स्कूटरच्या बॅटऱ्या बैठकीच्या खोलीत, चक्क गादीवर चार्ज होतात. राहवले नाही. समजावून सांगितले, की लिथियमच्या बॅटरीत लहान कोष, म्हणजे सेल, दाटीने बसवलेले असतात. एक तापून फुटला की तो शेजारच्याला पेटवतो, आणि मग ती साखळी कुणालाच आवरत नाही. म्हणून चार्जिंग टणक फरशीवर, आपण जागे असताना, तिच्याच चार्जरने करावे; उन्हातून आलेली बॅटरी आधी निवू द्यावी; आणि बाहेर पडण्याच्या वाटेत तर ती कधीच ठेवू नये. बाबलींनी शांतपणे ऐकले. मग एवढेच विचारले, की मास्तर, भाडे खोलीचे देता की घराचे? यशोदाबाई पदराआड हसल्या.

१६ ऑक्टोबर
एक स्कूटर खाडीत पडली होती. तिच्या बॅटरीचे पोट आज फुगलेले दिसले. ही पुन्हा चार्ज करू नका, असे मी बजावले आणि नव्या शब्दाच्या उत्साहात म्हणालो, “भायर दवरा.”
बाबलींचा चेहरा उतरला. “भायल्यान घरची वस्त भायर काडूंक सांगूं नये.” भायलो म्हणजे बाहेरचा माणूस; म्हणजे मी.

२१ ऑक्टोबर
मला पाणी काढता येऊ नये म्हणून विहिरीचा दोर काढून ठेवला आहे. शेजारचे दत्ताराम ओळख देत नाहीत. बॅटरी माझ्या नजरेने फुगली, असे यशोदाबाईंनी त्यांना सांगितले म्हणे. ती बॅटरी अजून चार्जिंगलाच आहे, गादीवर.

२५ ऑक्टोबर
दुसरी खोली मिळाली, रविवारी जाईन. घरात गोडसर, नेलपॉलिशसारखा वास; बॅटरी गळते आहे. मी प्लग काढला, कुणीतरी परत लावला. पेडण्याच्या पुनवेला, कोजागिरीच्या जत्रेत, बाधा बाहेर काढतात, असे बाबली जेवताना सांगत होते. पाहत होते माझ्याकडे.

२८ ऑक्टोबर, शनिवार, दुपार
अंगात ताप, पडून आहे. सगळे पुनवेला निघाले. बाबली दाराशी आले. आवाजात प्रथमच गोडवा.
“मास्तर, तुमी सांगलां तशी भायर दवरल्या.”
शेवटी पटले तर. बरे वाटले —

संध्याकाळ
फुसफुस ऐकून जाग आली. दाराच्या फटीतून पांढरी वाफ. वाफ नव्हे. तोच गोड वास.

भायर म्हणजे मी अंगण समजलो. या घराला भायर म्हणजे — माझी पडवी.

फटीतून गादी दिसते. चार्जरचा लाल दिवा. दाराला स्कूटर टेकवलेली — ढकलून सरकत नाही —

खोलीत फोनला रेंज नाही. गजांतून हाक मारली. दत्ताराम कुंपणापाशी आले. पाहिले. आत गेले.

ओला टॉवेल फटीत कोंबला. खोकला. दार खालून काळे —

टप्प. हा पहिला कोष. आता तो शेजारच्या —