चुलाणाचा वैल

मंगळवार, ९ डिसेंबर १९५८
जाळ घालताना आज पदर करपला. मी आणि तानुबाई गुऱ्हाळाच्या चुलाणाच्या तोंडाशी आळीपाळीनं — उसाची वाळली चिपाडं कोंबतोय, कोंबतोय, आणि धुराड्यातून जाळच वर! दुपारी मालक सर्जेराव म्हणाले, "चिपाड असंच सपलं तर सक्रांतीला गुऱ्हाळ बंद. ऱ्हायल्याला ऊस भांडगावच्या गुऱ्हाळाला धाडीन." निम्मा ऊस अजून शेतात उभा.
तानुबाईचं घर या मजुरीवरच चालतं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. मी काय, एकटीच. केडगावच्या मिशनात वाढले, तिथं परत घेतील.

शुक्रवार, १२
भाकरी थापताना हसूच आलं. शेजारी वैलावर, चुलीच्याच जाळानं, कालवण आपलं आपण रटरटत होतं. घरोघरच्या चुलीला वैल असतो, मग एवढ्या थोरल्या चुलाणाला का नाही? धुराड्याकडं जाळ फुकट जातो, तिथं रसाची दुसरी काहील बसवायची!
मालकांना सांगितलं. गूळ शिजवणारे गुळव्या सोपानराव म्हणाले, "प्रेमाबाई, गूळ म्हंजी काय तुमचं कालवण हाय व्हय?" मालक मात्र हसले नाहीत.

बुधवार, १७
केडगावचे शलमोनमामा गवंडी आलेत, वैल बांधतायत. सोपानराव फुगून बसलेत.

सोमवार, २२
आज पेटवलं. देवा! वैलावरच्या मागच्या काहिलीत गार रस, तिच्याखाली एक चिपाड घातलेलं नाही — आणि बघता बघता मळी वर आली, वाफ निघाली. काठाला बोट लावलं, चांगलं भाजलं, तरी खरं वाटेना. इतकी वर्षं आभाळात जाणारा जाळ माझ्या डोळ्यांदेखत रस तापवत होता. प्रार्थनासुद्धा सुचली नाही, नुसती उभी राहिले.
सोपानराव दोनदा वाकून बघून आले, खाली कुणी लपून जाळ घालतंय का!

शनिवार, २७
नाताळ करून केडगावहून परतले तर चिपाडाचा ढीग वाढलेला! ऊस संपेपर्यंत पुरून उरेल, मालकच म्हणाले. तानुबाईनं गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. "माजं घर राखलंस गं."

बुधवार, ३१
मालक म्हणाले, "चिपाड कमी लागतंया, जाळाला आता येकच बाई पुरती. कोन ऱ्हातंय, ते तुमी दोघी ठरवा." रागानं नाही, सरळच म्हणाले. एवढं साधं मला आधी कसं दिसलं नाही?

गुरुवार, १ जानेवारी १९५९
तानुबाईला जाळ घालायला बसवलं आणि केडगावला निघाले. जाता जाता मागच्या काहिलीत डोकावले. रस उकळत होता, तिथं कुणीच बसलेलं नव्हतं.