आजचा दिवस बटण नको

बाबा,

मी कामावर निघाले. कॉम्प्युटर बंद करू नका! स्क्रीन काळी दिसली तरी तो चालूच आहे. आईच्या बिघडलेल्या फोनमधली रेकॉर्डिंग्ज परत मिळताहेत, खरंच! मंगळवारी तुम्ही सवयीनं बटण बंद केलंत आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हा मी नको ते बोलले, चुकलंच माझं. संध्याकाळी सहापर्यंत काम संपेल. तोवर त्या खोलीत झाडूसुद्धा मारू नका.

पहिलं रेकॉर्डिंग आत्ताच ऐकलं. आई गेल्याला दोन वर्षं झाली आणि आज तिचा आवाज! वाटलं, काहीतरी गोड बोलेल. तर तुमच्यावरच ओरडतेय, "अहो, निघताना सगळी बटणं बंद केलीत का?"

आजचा दिवस तेवढं तिचं ऐकू नका.

तुमची चिडकी