सुतकातलं मोटेचं गाणं

मामंजी, तुम्ही होतात तोवर मी तुमच्यासमोर कधी तोंड वर करून बोलले नाही. पदराआडून "व्हय" आणि "न्हाई", एक दिवस सोडला तर एवढंच काय ते आपलं बोलणं. आता तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मीही प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकले, म्हणून हे धाडस.

तुमचं मोटेचं गाणं मी लग्न होऊन आले तेव्हाच पाठ केलं होतं. तुम्ही विहिरीवर बैल हाकायचात आणि मी खाली उसात दारं धरायची, पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायची. चिखलानं पाय कुजायचे, पातीनं हात चिरायचे. पण वरून तुमची ओळ यायची, तिच्यामागून पाणी यायचं, आणि मला वाटायचं, हे पाणी गात गात माझ्याकडेच येतंय. शीण कुठल्या कुठे पळायचा. गाणं तुम्ही स्वतःच रचलेलं. बैलांना त्याची इतकी सवय, की मोट विहिरीत सोडताना ते उलट पावली मागं यायचे आणि शेवटची ओळ कानावर पडली की काठाअलीकडे आपोआप थांबायचे.

"तळातलं पाणी वर आलं उजेडाला,
थांब रं गड्या, आता दम घे घडीला."

मग ब्रह्मदेशातून तार आली. मिरजेच्या स्टेशनावर आपण ज्याला गाडीत बसवून आलो, तो तुमचा लेक, माझा धनी, लढाईत गेला. घरात सुतक. सुतकात गाणं तोंडातून काढायचं नाही. पण ऊस वाळत होता, त्याला सुतक कसं कळणार? सासूबाई म्हणाल्या, "आवं, आज ऱ्हाऊ द्या की." तुम्ही मोट जुंपलीत.

तसली शांतता मी पुन्हा ऐकली नाही. नुसती चाकाची कुरकुर आणि बैलांचे श्वास. पाणी यायचं थांबलं, म्हणून मी वर चढून आले. बघते तर बैल मागं मागं येतायत. त्यांना थांबवणारी ओळच नाही. तुम्ही त्यांच्या मागं, विहिरीकडे पाठ करून, कासरा सैल सोडून, एकेक पाऊल मागं घेताय. डोळे उघडे. तुमच्या टाचेखालचं ढेकूळ सुटतं आणि बऱ्याच वेळानं खाली पाण्यात पडल्याचा आवाज येतो.

ओरडावं तर बैल बुजतील. सुनेनं सासऱ्याला हाक मारायची तरी कशी? मी गायले. नुकतंच कपाळ पुसलेली बाई, सुतकात, सासऱ्यासमोर! "थांब रं गड्या..." बैल जागच्या जागी थांबले. तुम्हीही थांबलात.

मग तुम्ही कासरा आवळलात. "म्हण पोरी. थांबू नगं."

"मामंजी, लोकं काय म्हन्तील?"

"म्हनू देत. ऊस वाळतुया."

दिवस मावळेपर्यंत मी रडत गात राहिले, तुम्ही हाकत राहिलात. सगळ्या सऱ्या भरल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की माणूस असं तरून जातं. गावानं नावं ठेवायची ती ठेवलीच.

तुम्हाला काठ दिसत नव्हता की दिसत होता, हे मी कधी विचारलं नाही. आता कागदावरही विचारत नाही, आणि हा कागद कुणाला दाखवायचाही नाही. फक्त एक सांगते. पाणी थांबलं म्हणून मी वर आले, असं लिहिलंय, ते खरं नाही. पाणी येतच होतं. मी विहिरीकडेच निघाले होते, मामंजी. तुम्ही माझ्याआधी तिथं होतात.