सासूबाईंचं गाऱ्हाणं

१३ जानेवारी १९८६
डॉक्टर म्हणाले, साखर वाढली आहे. वजन उतरलं नाही तर मेपासून गोळ्या – आणि त्या जन्मभर. वर म्हणाले, "साप्ताहिकात आरोग्याचं सदर लिहिता ना? दवाखान्यातल्या अर्ध्या बायकांचं हेच आहे. लिहा की." आधी स्वतःचं बघते.

१४ जानेवारी
पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर गेले. रापणीचं जाळं ओढायला आलेली शेवंती म्हणाली, "बाय, काय हरावला?"
चालायला आलेय, म्हटलं.
"खंय?"

२ फेब्रुवारी
भात थोडाच घेतला, तळलेली सुरमई नको म्हटलं. सासूबाईंचा वाढता हात थांबला. "माझ्या हातचा गोड लागना नाय तुका?"

१९ मार्च
चालण्यावरचा लेख छापून आला. आज आळीतल्या सरला आणि कावेरी बरोबर आल्या – हातात फुलांच्या परड्या घेऊन. कुणी विचारलंच तर देवळात चाललोय म्हणायचं.
माझे ब्लाउज सैल झालेत.

७ एप्रिल
सासूबाईंनी देवळात नेलं. नारळ ठेवून गुरवांनी चारचौघांत गाऱ्हाणं घातलं – "बा देवा म्हाराजा, ह्या घरची सून सुकत चल्ली आसा. काय इडापिडा आसात ती भायर काढ, आनि तिका पयल्यासारखी आंगान भरलेली कर रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सवयीने मीही!
सरला हसून हसून पायरीवर बसली. मलाही हसू येत होतं, पण सासूबाईंचे डोळे भरले होते. त्यांची थोरली लेक क्षयाने अशीच सुकत गेली. त्यांना बारीक माणूस दिसलं की तीच दिसत असणार. हे मला आज कळतंय.

६ मे
साखर जाग्यावर. गोळ्या नाहीत!
सासूबाईंना मुद्दाम बरोबर नेलं होतं. डॉक्टर त्यांनाच म्हणाले, "आजी, सून आजारी नव्हे, बरी झालीय. तुमचंही वजन करूया का?" त्या काट्याकडे न बघता बाहेर आल्या. घरी आल्यावर एवढंच – "मगे देवाक आता काय सांगू?"

७ मे
पहाटे दार उघडलं, तर सासूबाई अंगणात उभ्या. पायात चपला, हातात नारळ.
"आधी देवळात. गाऱ्हाणा फिरवूक व्हया. मगे तुझ्या वाळूत येतंय. हळू चल गो."