चौथा कोपरा देवाचा

तेर, मंगळवार, ता. १० एप्रिल १९७३

तीर्थरूप बलभीममामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. (गुडघा अजून धरला असेल तर पाय पुढं करू नका, नमस्कार लांबूनही पोचतो.) मामी बऱ्या आहेत ना? सोलापुरात नळाला पाणी येतं का? इथं तेरणा नदीत वाळू तेवढी भरपूर आहे.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. तुम्ही महिनाभर वापरून बघायला पाठवलेली कोनाची करवत वाकडी कापते, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. करवत सरळ कापते. तुम्ही दुकानदाराला काही बोलला असाल तर कृपा करून परत जाऊन दोन शब्द गोड बोला. अजून बोलला नसाल तर हसू नका, कारण खरं काय ते कळलं, ते हसण्यासारखं नाही.

झालं असं. यंदा नांगर कुणाला नको, गाडी कुणाला नको. बैलच दुष्काळाच्या चारा-छावणीत आहेत. अशात बाबांना धाराशिवच्या सोसायटीच्या नव्या कचेरीचं, काचेच्या खिडक्यांचं काम मिळालं. वर्षातलं हे एकच काम. चौकटी तिथंच जाऊन करायच्या, म्हणजे एसटीतून नेता येईल अशी करवत हवी. बाबा म्हणाले, "तूच बघ कोणती घ्यायची, तुला लई शंका येतात." मला शंका खरंच येतात, म्हणून मी तिन्ही तऱ्हा तपासल्या. एक लाकडी खोक्याची. खोक्याला तिरप्या खाचा असतात, त्यांत हातकरवत घालून ओढायची. हलकी आहे, पण खाच झिजली की करवत मनाला येईल तिकडं जाते. दुसरी विजेची, ती मी चित्रातच पाहिली. तिला उचलायला दोन गडी आणि चालवायला वीज लागते. गडी दुष्काळी कामावर खडी फोडतायत, वीज कुठं जाते ते माहीत नाही. तिसरी तुमची, लोखंडी बैठकीची, दांडा फिरवला की हव्या त्या कोनावर खट्‌ करून थांबणारी. (तो आवाज ऐकायला मी ती उगीचच बऱ्याच वेळा फिरवली.) नागूआत्याच्या नातवाइतकी जड आहे, पण रडत नाही. मांडीवर मावते का ते बघायला मी ती धाराशिवला नेऊन परत आणली. कंडक्टर म्हणाला, "ताई, शिवणयंत्र हाय का?" मी म्हटलं, करवत आहे. "मग दात तुमच्याकडं करून बसा."

मग नमुन्याला पहिली चौकट घरीच केली आणि बाबांनी काटकोन बघायला तिच्या कोपऱ्याला गुण्या लावला. आजोबांचा गुण्या, दसऱ्याला पहिलं कुंकू त्यालाच. कोपरा आणि गुण्या यांच्यामधून उजेड दिसला. बाबा म्हणाले, "बघ. लोखंडाला अक्कल असती तर सुतार कशाला लागले असते?" त्याच दुपारी मी तुम्हाला ते पत्र टाकलं.

पण मामा, चौथा कोपरा! आमच्या घरात चौकटीचे तीन कोपरे गच्च बसतात आणि चौथ्यात बारीक फट राहते, हे तुम्ही आईच्या लग्नापासून बघताय. चौथा कोपरा देवाचा, म्हणून त्यात कडुनिंबाच्या लाकडाची बारीक चीप मारून कुंकू लावायचं. आजोबांनी घालून दिलेली रीत. या करवतीच्या चौकटीत मात्र चौथा कोपराही गच्च बसला. नागूआत्या चीप घेऊन उभी. "अगं बया, देवाला जागाच न्हाय ठेवली व्हय! असल्या खिडकीतून काय बरं येणार?"

वाकड्या करवतीचे चारही कोपरे मिटतात कसे, हे काही मला सोडवेना. मी पोस्टकार्डाला गुण्या लावला, पाटीला लावला, साबणाच्या पेटीला लावला. सगळं वाकडं निघालं. जग वाकडं असेलही. पण सगळंच्या सगळं एकाच बाजूला? शेवटी फळीवर गुण्यानं रेघ ओढली, तो उलटा केला आणि त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ ओढली. दोन रेघांच्या मधून उंदराचं शेपूट जावं! गुण्या खरा असता तर रेघा एकावर एक पडल्या असत्या; वाकडा आहे तो गुण्याच.

म्हणजे तेरमधली आमची सगळी दारं तशीच आहेत. सगळी एकाच गुण्याची, म्हणून कधी एकमेकांच्या डोळ्यांवर आली नाहीत. पण सोसायटीच्या काचा दुकानातूनच काटकोनात कापून येणार, आणि काचेला चीप मारता येत नाही. बाबांनी आजोबांच्या गुण्यानं चौकटी केल्या तर काचा फुटतील आणि काम जाईल. आणि सांगावं तर कुणाला? मला अक्षरांच्या आधी इंच शिकवले ते बाबांनी, याच गुण्यावर बोट ठेवून.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
कस्तुरा

ता. क. करवत हीच ठेवायची. महिना संपला तरी परत मागू नका. बाबांनी कालपासून तिच्यावर गोणपाट टाकलंय, पण मघाशी गोणपाटाखालून खट्‌ असा आवाज आला आणि तेव्हा खोलीत बाबांखेरीज कुणी नव्हतं.

ता. क. २. खरं तर एवढं सगळं लिहिलं ते तुम्ही येऊन बाबांना सांगावं म्हणून. पण लिहिता लिहिता वाटलं, ते बरोबर नाही. बघितलं मी, तर सांगायचंही मीच. तुम्ही फक्त एक खरा गुण्या पाठवा. उलटा करून तपासून घ्या. आणि जरा तेलकट हात फिरवून पाठवा, नवा नवा दिसला तर बाबांना तो उर्मट वाटेल.

ता. क. ३. काचा पुढच्या गुरुवारी येणार. आदल्या दिवशी मी दोन्ही गुण्ये फळीवर ठेवून पेन्सिल बाबांच्या हातात देणार. रेघा त्यांनीच ओढायच्या. आणि चौथ्या कोपऱ्याला चिपेपुरती खाच मी पटाशीनं पाडणार. आजवर देवाची जागा चुकून राहत होती, आता सांगून ठेवू. नागूआत्याला अजून बोलले नाही. दोघांनाही एकदमच सांगेन, बुधवारी, १८ एप्रिलला.